घोडबंदर रोडवरची गाडी आणि तिची टायमिंग चेन

"हिला बेल्ट नाही, चेन आहे, बघायलाच नको." गाडी घेताना हे वाक्य बहुतेकांच्या कानावर पडलेलं असतं. त्यातला चेनचा भाग खरा असतो. मारुतीची के-सीरिज पेट्रोल इंजिनं, ह्युंदाईची कप्पा, छोट्या डिझेल गाड्यांमधून घराघरांत पोचलेलं फियाटचं १.३ मल्टीजेट, ही सगळी चेनची इंजिनं. जुनी मारुती ८०० किंवा पहिली अडीच लिटरची डिझेल इनोव्हा बेल्टवर चालायची, आणि बेल्ट कधी बदलायचा याचा आकडा कंपनी ठरवून द्यायची. चेनसाठी असा आकडा सहसा दिलेला नसतो. त्यातून समज असा होतो की चेन बदलावीच लागत नाही.

मग गाडी सत्तर-ऐंशी हजारांवर असताना मेकॅनिक सांगतो, "साहेब, चेन ढिली झालीय, पुढची बाजू खोलावी लागेल." घरी चर्चा सुरू होते. खरंच गेलीय का? अजून किती दिवस ओढेल? नुसता टेन्शनर टाकून भागणार नाही का? हे प्रश्न मी ठाण्यात आणि नवी मुंबईत इतक्या जणांकडून ऐकलेत की एकदा नीट बसून लिहावंसं वाटलं. इंजिन आपण स्वतः खोलणार नसलो तरी आत काय चाललंय हे कळलं, तर मेकॅनिकशी बोलताना आपण नुसती मान हलवत उभे राहत नाही.

चेन काय करते

इंजिनात खाली क्रँकशाफ्ट असतो, तो पिस्टनच्या जोरावर फिरतो. वर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवर बसणाऱ्या भागात, कॅमशाफ्ट असतात, ते व्हॉल्व्ह उघडतात आणि मिटू देतात. हवा आत घेणं, दाबणं, पेटवणं, धूर बाहेर टाकणं या चार पायऱ्यांत क्रँकच्या दोन फेऱ्या होतात आणि कॅमची एक. म्हणून कॅमच्या स्प्रॉकेटला, म्हणजे दातेरी चाकाला, क्रँकच्या स्प्रॉकेटच्या दुप्पट दात असतात, आणि या दोघांना बांधून ठेवणारी ती टायमिंग चेन.

चेन सरळ धावावी, फडफडू नये म्हणून तिच्या बाजूंना प्लास्टिकच्या घासपट्ट्या असतात, त्यांना गाइड म्हणतात. एका बाजूला टेन्शनर असतो. बहुतेक इंजिनांत तो ऑईलच्या दाबावर चालतो: छोटा दट्ट्या ऑईलच्या जोराने बाहेर येतो आणि हलत्या गाइडला रेटून चेन ताणून धरतो. आत एक स्प्रिंग असते आणि बऱ्याच टेन्शनरना दट्ट्या मागे सरकू नये म्हणून खाचाही असतात. हा सगळा संच टायमिंग कव्हरच्या आत, इंजिन ऑईलमध्ये भिजत असतो. ऑईल हेच त्याचं वंगण आणि ऑईल हीच टेन्शनरची ताकद. पुढे जे काही लिहिलंय ते फिरून याच मुद्द्यावर येतं.

झीज होते कुठे

चेन लांबली म्हटलं की स्टीलच्या पट्ट्या ताणल्या गेल्या असं डोळ्यांसमोर येतं. तसं होत नाही. चेन म्हणजे पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या पिना आणि पिना ज्यात फिरतात ती भोकं किंवा बुश. चेन स्प्रॉकेटवर चढताना प्रत्येक सांधा वाकतो, उतरताना सरळ होतो. वाकताना पिन आपल्या भोकात घासते. मधे ऑईलचा पातळ थर शाबूत असेल तर ही घासणी नगण्य असते. थर फाटला, किंवा त्या ऑईलमध्ये काजळी फिरत असेल, तर पिन झिजते, भोक मोठं होतं आणि दोन पिनांमधलं अंतर वाढतं.

एक उदाहरण घेऊन हिशेब करू. समजा चेनला १५० कड्या आहेत आणि दोन पिनांमधलं अंतर ८ मिलिमीटर आहे. चेनची एकूण लांबी झाली १२०० मिलिमीटर. प्रत्येक सांध्यात फक्त ०.०४ मिलिमीटर झीज झाली, तरी १५० सांध्यांची मिळून लांबी ६ मिलिमीटरने वाढते. एकेक सांधा हातात घेऊन पाहिला तर काहीच दिसणार नाही. सगळ्यांची बेरीज मात्र टेन्शनरला पेलावी लागते.

आता कॅमच्या स्प्रॉकेटला ४० दात आहेत असं धरा. चेनच्या मापाने त्याचा घेर झाला ३२० मिलिमीटर, म्हणजे चेनमधला १ मिलिमीटरचा फरक कॅमला १.१२५ अंश मागे ठेवतो. क्रँक चेनला ज्या बाजूने ओढतो तिथे चेनचा साधारण तिसरा हिस्सा असतो. त्या हिश्श्यातली वाढ झाली २ मिलिमीटर. कॅम २.२५ अंश उशिरा फिरतो, आणि क्रँकच्या मापात हा उशीर ४.५ अंश होतो. व्हॉल्व्ह तेवढे उशिरा उघडतात, तेवढेच उशिरा मिटतात. गाडीचा पिकअप मरगळतो, एव्हरेज उतरतं, आणि कॉम्प्युटर क्रँक आणि कॅम या दोन्ही सेन्सरची वेळ ताडून बघत असल्याने कधी ना कधी त्यालाही हे खटकतं.

टेन्शनर ढिली बाजू ताणून धरतो. ओढीच्या बाजूला वाढलेली लांबी त्याला कमी करता येत नाही. त्यामुळे नवा टेन्शनर टाकला की आवाज थांबेल, पण टायमिंग तेवढंच मागे राहील. "फक्त टेन्शनर टाकू या" हा सल्ला ऐकताना एवढं लक्षात ठेवा.

ठाण्यातलं किलोमीटर महाग असतं

चेनचं वय आपण ओडोमीटरवर मोजतो, आणि या भागात तिथेच चुकतं. कासारवडवलीहून तीन हात नाका साधारण दहा किलोमीटर. संध्याकाळी माजिवडा-कापूरबावडी तुंबलेलं असलं की हे दहा किलोमीटर खुशाल तासभर खातात. त्या तासात इंजिन सरासरी मिनिटाला ११०० फेऱ्यांनी फिरलं असं धरलं तर क्रँकच्या ६६,००० फेऱ्या होतात, किलोमीटरमागे ६,६००. तीच गाडी कळंबोलीहून एक्सप्रेसवेला लागली आणि ताशी ८० च्या वेगाने २,४०० आरपीएमवर चालली, तर तासाला १,४४,००० फेऱ्या होतात, पण किलोमीटरमागे फक्त १,८००. एकाच गाडीचं एक किलोमीटर घोडबंदर रोडवर साडेतीन पटीहून जास्त फिरवून घेतं. जास्त वेगात चेनवर भार जास्त येतो, त्यामुळे झीज नेमकी याच प्रमाणात होते असं नाही. पण गरम इंजिन नुसतं घुरघुरत उभं असताना ऑईलचा दाब सगळ्यात कमी असतो, आणि टेन्शनर त्याच दाबावर जगतो, हेही विसरू नका.

तुमच्या गाडीच्या पडद्यावर सरासरी वेग दिसत असेल तर इंजिनचे तास काढणं सोपं आहे. ६०,००० किलोमीटर झालेत आणि सरासरी वेग ताशी १८ आहे, तर इंजिन ३,३०० तासांहून जास्त चाललंय. मुख्यतः हायवेवर पळणाऱ्या, सरासरी ५० च्या गाडीचे तेवढ्याच किलोमीटरला १,२०० तास होतात. दोन्ही गाड्यांच्या ओडोमीटरवर आकडा सारखाच असतो.

दुसरी सवय याच भागातली. आठवडाभर माणूस लोकलने जातो आणि गाडी खाली उभी असते. बाहेर निघते ती स्टेशनला कुणाला सोडायला किंवा रविवारी भाजी आणायला. अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑईल पुरतं गरम होतच नाही. थंड इंजिनात न जळालेलं थोडं पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं, पावसाळ्यात हवेतली वाफ आत थिजते, आणि ऑईल पातळ आणि आंबट होत जातं. किलोमीटर कमी झालेत म्हणून मालक ऑईल बदलत नाही. पुस्तिकेत 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी येईल ते' असं लिहिलेलं असतं, त्यातला महिन्यांचा भाग अशा गाड्यांसाठीच असतो. बहुतेक पुस्तिकांमध्ये खडतर वापरासाठी वेगळं, कमी अंतराचं वेळापत्रकही दिलेलं असतं आणि सतत ट्रॅफिकमध्ये अडकणं किंवा सतत छोट्या फेऱ्या मारणं त्यात मोडतं. माझ्या मते ठाणे, ऐरोली, वाशी भागात रोज चालणारी जवळजवळ प्रत्येक गाडी त्याच वेळापत्रकातली आहे. दहा हजारांऐवजी पाच-सहा हजारांवर ऑईल आणि फिल्टर बदलणं हा चेनसाठी करता येण्यासारखा सगळ्यात स्वस्त खर्च. डिझेल इंजिन आणि थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी इंजिनं ऑईलमध्ये काजळी जास्त सोडतात, तिथे तर हे टाळूच नका. वेळच्या वेळी चांगलं ऑईल मिळालेल्या चेन दीड-दोन लाख किलोमीटर जातात आणि ते नशीब नसतं.

आवाज कसा ओळखायचा

रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू केली की पहिले काही सेकंद समोरून, बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिनच्या पट्ट्याच्या बाजूने, पत्र्यावर साखळी आपटल्यासारखा खडखडाट येतो आणि मग थांबतो. रात्री टेन्शनरमधलं ऑईल खाली उतरलेलं असतं. पंप ते पुन्हा भरेपर्यंत ढिली चेन गाइडवर आणि कधी कव्हरवरच आपटते. निरोगी चेनलाही क्वचित एखाद-दुसरा सेकंद असा आवाज येतो. रोज यायला लागला, लांबायला लागला, गरम इंजिनातही अॅक्सिलरेटर सोडताना ऐकू यायला लागला, तर मात्र तपासणी पुढे ढकलू नका.

याच बाजूने दुसरेही आवाज येतात. बाहेरचा पट्टा सुटल्यासारखा चिरकतो, तो पावसात जास्त. कॅमखाली व्हॉल्व्ह दाबणाऱ्या टॅपेटचा आवाज एकसारखा टिकटिक असतो आणि आरपीएमबरोबर वाढतो. एक्झॉस्टवरचा पत्रा सैल असेल तर एखाद्या ठरावीक आरपीएमलाच झणझणतो. आणि चेनशी सगळ्यात जास्त गल्लत होते ती कॅमच्या टोकावर बसवलेल्या व्हीव्हीटी गिअरच्या आवाजाची. हा गिअर कॅमला गरजेप्रमाणे पुढे-मागे करतो. त्याची आतली कुलूपपिन झिजली की तोही सकाळच्या पहिल्या सेकंदांत कर्रकन वाजतो. म्हणून फोनवर आवाज ऐकवून कुणी "चेनच आहे" असं ठामपणे सांगितलं तर थोडं थांबा.

तपासायचं कसं

चांगला मेकॅनिक आधी डिपस्टिक काढतो. ऑईल किमान खुणेच्या खाली असेल, डांबरासारखं झालं असेल किंवा कुणी चुकीच्या ग्रेडचं भरलं असेल, तर आधी ते ठीक करून दोन-तीन सकाळी गाडी ऐकायची. आवाज दाबायला मुद्दाम जाडं ऑईल भरण्याची युक्ती काही गॅरेजांत चालते. सकाळी जाडं ऑईल टेन्शनरपर्यंत उशिरा पोचतं, म्हणजे चेन आपटायचा वेळ उलट वाढतो. पुस्तिकेतला ग्रेड सोडून प्रयोग नको.

मग गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर. इथे काही कोड कामाचे. पी ००१६ आणि पी ००१७ म्हणजे क्रँक आणि कॅमच्या खुणांचा मेळ बसत नाही. पी ००११ किंवा पी ००१४ म्हणजे कॅम सांगितल्यापेक्षा पुढे गेलाय. हे कोड चेनकडे बोट दाखवतात, चेनवर शिक्कामोर्तब करत नाहीत. व्हीव्हीटीचा ऑईल व्हॉल्व्ह गाळाने अडकला, सेन्सर किंवा त्याची वायर खराब झाली, तरी हेच कोड उमटतात. म्हणून कोड मिटवून गाडी परत देणारा आणि कोड बघताच चेन किटची ऑर्डर देणारा, दोघांपासूनही सावध असावं. चालू इंजिनात कॅमचा कोन थेट बघता येतो. व्हीव्हीटी विश्रांतीत असताना तो कोन ठरल्यापेक्षा मागे असेल आणि तिथेच कायम असेल, तर चेनवरचा संशय पक्का होतो. सेन्सरचे सिग्नल लहरींच्या रूपात दाखवणारा ऑसिलोस्कोप असलेली गॅरेजं आता या भागातही सापडतात. दोन्ही सेन्सरच्या लहरी एकाखाली एक लावून चांगल्या इंजिनच्या लहरींशी जुळवल्या की काही न खोलता बरंच कळतं.

यानंतर डोळ्यांनी बघायचं. हेडवरचं झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, उतरवलं की वरची चेन दिसते. इंजिन हाताने, क्रँकच्या बोल्टवर पाना लावून, फिरायच्या दिशेनेच फिरवून एक नंबर सिलिंडरचा पिस्टन वरच्या टोकाला आणायचा आणि कॅमच्या खुणा बघायच्या. काही इंजिनांत टेन्शनरसमोर छोटी खिडकी किंवा प्लग असतो. त्यातून दट्ट्या किती बाहेर आलाय ते दिसतं. तो शेवटच्या खाचांवर पोचला असेल तर चेनने टेन्शनरची सगळी शिल्लक खाऊन टाकली आहे. सोबत गाइडवर चेनने चर पाडलेत का, प्लास्टिकला तडे आहेत का, हेही तिथेच कळतं.

वागळे इस्टेटमधल्या एका गॅरेजात मी जुनी आणि नवी चेन एकाच खिळ्याला शेजारी शेजारी टांगलेली पाहिली आहे. डिझेल हॅचबॅकची होती. जुनी चेन काळपट, तिच्या खालच्या टोकाला ऑईलचा थेंब लोंबत होता. नवीच्या मानाने ती जेमतेम तीन मिलिमीटर खाली उतरलेली. गाडीमालक बघून म्हणाले, "अहो, एवढ्याशा फरकासाठी इंजिन खोललंत?" मिस्त्रींनी त्यांना शांतपणे दाखवलं की ही चेन बंद वेटोळं आहे, खिळ्यावरून दोन पदर खाली येतात, त्यामुळे खरा फरक दिसतो त्याच्या दुप्पट, सहा मिलिमीटर. मग त्यांनी दोन्ही चेन आडव्या धरल्या, पिना वर-खाली राहतील अशा. नवी चेन जवळजवळ सरळ राहिली. जुनी मधोमध झुकून कमानीसारखी लोंबली. सांधे सैल झाले की चेन आडवीही लवते. मालकांनी ती स्वतःच्या हातात घेऊन पाहिली आणि पुढे प्रश्न विचारला नाही.

नेमकं माप घ्यायचं असेल तर कंपनीच्या मॅन्युअलमध्ये पद्धत दिलेली असते: चेन ठरावीक जोराने ओढून ठरावीक पिनांमधलं अंतर व्हर्नियरने मोजायचं, दोन-तीन ठिकाणी. अंतर मर्यादेबाहेर असेल तर चेन बाद. पण इंजिन इतकं खोललंय की चेन हातात आली, तर मर्यादेच्या आत असली तरी मी जुनी परत बसवणार नाही. चेनच्या किमतीपेक्षा तिथपर्यंत पोचायची मजुरी मोठी असते.

दात सुटला तर

ढिली चेन स्प्रॉकेटवरून एक दात पुढे सरकली की ४० दातांच्या कॅमला ९ अंशांचा झटका बसतो, क्रँकच्या मापात १८ अंशांचा. एक दात सुटलेली गाडी कधी कधी चालते, थरथरत, दम नसल्यासारखी. दोन-तीन सुटले की बहुतेक आधुनिक इंजिनांत उघडा व्हॉल्व्ह आणि वर येणारा पिस्टन एकाच जागी भेटतात. व्हॉल्व्ह वाकतात, व्हॉल्व्हचे गाइड तुटतात, पिस्टनवर खुणा पडतात, फारच वाईट झालं तर पिस्टनलाच भोक पडतं. मग हेड उतरवणं, मशीन शॉप, नवे व्हॉल्व्ह, हेड गॅस्केट, हेड बोल्ट, असा खर्च चेन किटच्या कितीतरी पट होतो. म्हणून गाडी अचानक बंद पडली आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सुळकन फिरायला लागला, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. टो करून न्या.

ढिल्या चेनच्या गाडीला आणखी एक धोका उतारावर असतो. बेलापूरची पारसिक हिल किंवा येऊरच्या बाजूचे चढ डोळ्यांसमोर आणा. हँडब्रेक न लावता नुसत्या गिअरवर गाडी उभी केली आणि ती जरा मागे ओघळली, तर चाकं इंजिनला उलट फिरवू शकतात. उलट फिरताना चेनची ढिली बाजू बदलते, आणि बंद इंजिनात टेन्शनरला ऑईलचा दाब नसतो. दात सुटायला ही जागा पुरते. आधी हँडब्रेक, मग गिअर.

बदलताना काय काय होतं

गाडी सहसा एक-दोन दिवस गॅरेजात राहते. बॅटरी सुटते, इंजिनला खालून आधार देऊन त्या बाजूचं माउंटिंग निघतं, बाहेरचा पट्टा, क्रँक पुली, टॅपेट कव्हर आणि शेवटी टायमिंग कव्हर. काही इंजिनांत ऑईल सम्पही, म्हणजे खालचं ऑईलचं भांडंही, उतरवावा लागतो. गाइड तुटलेले असतील तर सम्प उतरवाच, मेकॅनिक नको म्हणाला तरी आग्रह धरा. प्लास्टिकचे तुकडे ऑईल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. जाळी तुंबली की ऑईलचा दाब पडतो आणि नव्या चेनची तीच गत होते. बीएमडब्ल्यूच्या एन-४७ डिझेलसारख्या काही इंजिनांत चेन मागे, फ्लायव्हीलच्या बाजूला असते. तिथे गिअरबॉक्स किंवा अख्खं इंजिन उतरवल्याशिवाय हात पोचत नाही, त्यामुळे मजुरी ऐकून दचकू नका.

सगळ्यात नाजूक काम म्हणजे टायमिंग जुळवणं. क्रँक आणि कॅम आपापल्या जागी लॉक करायला प्रत्येक इंजिनची वेगळी हत्यारं असतात. काही इंजिनांत क्रँकचं स्प्रॉकेट किंवा कॅमचा गिअर चावीच्या खाचेत बसत नाही, नुसता बोल्टच्या दाबावर धरलेला असतो. तिथे लॉकिंग किटशिवाय पेन्सिलने खुणा करून चेन बदलणं म्हणजे सरळ जोखीम आहे. गॅरेजला पहिला प्रश्न हाच विचारा: "दादा, या इंजिनचं लॉकिंग किट आहे का तुमच्याकडे?" नसेल तर दुसरं गॅरेज बघा.

नव्या चेनवर दोन-तीन कड्या वेगळ्या रंगाच्या असतात. त्या स्प्रॉकेटवरच्या खुणांशी जुळवून चेन चढवतात, टेन्शनर बसवतात आणि त्याचा दट्ट्या दाबून ठेवणारी पिन ओढून काढतात. मग इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा पुन्हा बघायच्या. इथे मालक समोर उभा असेल तर हमखास घाबरतो, कारण रंगीत कड्या आता भलतीकडेच दिसतात. ते बरोबर आहे. आपल्या उदाहरणात क्रँकच्या स्प्रॉकेटला २० दात आणि चेनला १५० कड्या. सगळं पुन्हा पहिल्यासारखं जुळायला क्रँकच्या ३० फेऱ्या लागतील. दोन फेऱ्यांनंतर बघायच्या त्या फक्त स्प्रॉकेटवरच्या खुणा. त्या जुळल्या की काम बरोबर. हाताने फिरवताना कुठे कडक अडलं तर जोर लावायचा नाही, कारण पिस्टन व्हॉल्व्हला टेकलेला असू शकतो.

चेनबरोबर टेन्शनर, सगळे गाइड, स्प्रॉकेट, क्रँकचं ऑईल सील, कव्हरची पॅकिंग, नवं ऑईल आणि फिल्टर, हा सगळा एकच खर्च समजा. स्प्रॉकेट वाचवण्याचा मोह जास्त होतो. जुन्या, एका बाजूला झुकलेल्या दातांवर नवी चेन चढवली तर ती लवकर झिजते. व्हीव्हीटी गिअर महाग असतो, तो मात्र तपासून ठरवा. त्याची पिन नीट लागत असेल आणि तो हाताने हलत नसेल तर राहू द्यायला हरकत नाही. क्रँक पुली आणि कॅमचे बोल्ट बऱ्याच इंजिनांत एकदाच वापरायचे असतात. ते आधी टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्याने, आणि मग ठरावीक अंश फिरवून आवळतात. नवे बोल्ट घ्या आणि रेंच खरंच वापरला जातोय का ते बघा.

कव्हर बसवताना सिलिकॉन सीलंटची बारीक एकसारखी रेघ पुरते. जाड लावलं की जादा सीलंट आत पिळून निघतं, त्याचे तुकडे सुटतात आणि पुन्हा त्याच पंपाच्या जाळीत जातात. ते सुकायला डब्यावर लिहिलेला वेळ द्यायला हवा. संध्याकाळी गाडी हवी म्हणून मेकॅनिकच्या डोक्यावर बसू नका. पहिल्यांदा सेल्फ मारताना इंजेक्टर किंवा पेट्रोल पंप बंद ठेवून इंजिन नुसतं फिरवून घेतलं की ऑईल टेन्शनरपर्यंत पोचतं आणि नवी चेन कोरडी आपटत नाही.

पार्ट आणि बिल

चेन किट हा डुप्लिकेट पार्टचा आवडता माल आहे, कारण खोक्यातली चमकदार चेन आपल्याला अस्सल-नक्कल काहीच सांगत नाही. फरक पिनांच्या कडकपणात असतो आणि तो वीस-तीस हजार किलोमीटरनंतर कळतो. स्वस्त मिळाली म्हणून बाजारातून स्वतः चेन आणून गॅरेजला देऊ नका. ती लवकर गेली तर गॅरेज पार्टकडे बोट दाखवेल आणि दुकानदार फिटिंगकडे. गाडीच्या कंपनीचा किंवा कंपनीला पुरवठा करणाऱ्या नावाजलेल्या उत्पादकाचा पार्ट गॅरेजकडूनच, त्यांच्या बिलावर घ्या. चासी नंबर देऊन पार्ट नंबर काढून घ्या, कारण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांत चेन वेगळी असू शकते.

एस्टिमेट लेखी मागा आणि त्यात पार्ट, मजुरी, ऑईल वेगवेगळं लिहून घ्या. "चेनचं काम" अशी एका ओळीची रक्कम मान्य करू नका. जुने पार्ट परत मागा. चेन, टेन्शनर, गाइड पिशवीत भरून मिळाले की बदललं काय आणि राहिलं काय हे समोर दिसतं.

गाडी हातात आल्यावर पहिल्या आठवड्यात रोज डिपस्टिक बघा आणि पार्किंगच्या फरशीवर टायमिंग कव्हरच्या खाली ऑईलचा डाग पडतोय का ते पाहा. स्कॅनरने पुन्हा एकदा कॅमचा कोन बघून तो आकडा लिहून घ्या. पुढच्या तपासणीला तुलना करायला तो लागेल. साधारण हजार किलोमीटरवर ऑईल आणि फिल्टर एकदा बदलून घ्या, म्हणजे खोलताना आत पडलेली धूळ आणि जुन्या चेनचा चुरा निघून जाईल. या बिलावर ओडोमीटरचा आकडा आणि किटचा पार्ट नंबर लिहिलेला असू द्या, आणि ते बिल गाडीच्या कागदांसोबत ठेवा.